प्रिंटरवरचा निबंध

परवा गोमती नगरच्या घरातला माळा आवरताना जुन्या प्रिंटरची रिबन सापडली. शाईचा तो वास आला आणि इतक्या वर्षांनीही माझं डोकं तापलं.

तेव्हा मी इथल्याच हिंदी बोलणाऱ्या शाळेत सातवीत होते. बाबांनी नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. इंग्रजीचा निबंध मी चार दिवस एका बोटाने टाइप केला. प्रिंटरने करकरत तो छापल्यावर कागदाच्या कडेच्या भोकाभोकांच्या पट्ट्या जपून फाडल्या.

इंग्रजीच्या मॅडम वर्गासमोर म्हणाल्या, "ये तुमने नहीं, मशीन ने लिखा है." आणि शून्य दिलं.

"मैडम, मशीन खुद नहीं सोचती," मी म्हटलं, तर उद्धट म्हणून बाकावर उभं केलं.

"जाऊ दे गं, हाताने लिहून दे," घरी बाबा म्हणाले. मी तोच निबंध शब्दन् शब्द वहीत उतरवला. मॅडमनी पैकीच्या पैकी मार्क दिले. "देखा, अपना दिमाग़ लगाया तो कितना अच्छा लिखा!" वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मॅडमनी तोवर कॉम्प्युटर पाहिलाही नसेल, हे आज कळतं. पण टाळ्यांनंतर त्या माझ्या 'थँक यू'ची वाट बघत होत्या आणि मी ते म्हटलं नाही, याचं मला अजूनही जराही वाईट वाटत नाही.