तिसरी पाती

वीज उपकेंद्राच्या यार्डात त्याला सगळे 'कुलूप' म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ऐकू जाईल अशा बेताने जरूर म्हणत, आणि त्याला ते मनातून आवडे. एका हातात पितळी कुलपांचा जुडगा, कमरेला किल्ल्या आणि चेहऱ्यावर असा भाव, की वीज याच्या परवानगीशिवाय तारेतून वाहत नाही. एकतीस वर्षं तो त्या यार्डात ऑपरेटर होता. तेहेतीस हजार व्होल्टच्या तारा उघड्यावर यायच्या, ट्रान्सफॉर्मरमध्ये उतरायच्या आणि पुढे घराघरांत जायच्या. त्यातला कुठलाही भाग दुरुस्तीसाठी बंद करून द्यायचा, आणि काम झालं की पुन्हा चालू करायचा, हे त्याचं काम.

ते काम तो देवघरातल्यासारखं करी. आधी ब्रेकर, म्हणजे प्रवाह तोडणारा मोठा स्विच, उघडायचा. मग आयसोलेटर, म्हणजे ब्रेकर आणि जिवंत तारा यांच्यामधल्या तीन तांब्याच्या पात्या. खालचं हँडल फिरवलं की तिन्ही पात्या आपापल्या जबड्यांतून सुटून उभ्या राहतात, मध्ये हवा येते, आणि मग कुठे माणूस वर चढू शकतो. हँडलला कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात, वर 'माणसं काम करत आहेत' ही पाटी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मान वर करून एकेका पातीकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. हँडल फिरलं म्हणजे पाती सुटलीच असं नसतं. जबडा गंजलेला असला, सांधा सैल झालेला असला, तर एखादी पाती तिथेच चावून बसते. हे सगळं झालं की परमिटवर, म्हणजे वर चढायच्या लेखी परवानगीवर, सही.

घाई केलेली त्याला खपत नसे. एकदा मोठे साहेब हेल्मेटशिवाय फाटकातून आत शिरले, तर याने त्यांना बाहेर काढून फाटक लावून घेतलं आणि खुर्चीत बसून वर्तमानपत्र उघडलं. साहेब उन्हात उभे. बायको होती तेव्हा घरी मिक्सरची पिन काढल्याशिवाय तो तिला भांड्याला हात लावू देत नसे, असं सांगून लोक हसत. पण हसणारेच वर चढताना त्याची पाळी असली की सुटकेचा श्वास टाकत.

इथवर सगळं कौतुकाचं. आता त्याचा दुसरा गुण. त्याच्या जोडीला एक ऑपरेटर होता, वयाने थोडा मोठा. त्याला ऐकू कमी यायला लागलं. कुलपाने ते ताडलं, चार लोकांसमोर पाठीमागून हाक मारून खात्री केली आणि लेखी तक्रार ठोकली. त्या माणसाला गोदामात बसवलं गेलं. तिथे तो हातमोजे मोजून देई, आणि कुलूप मोजे घ्यायला गेला की मुद्दाम पुटपुटल्यासारखं बोलून त्याला तीनतीनदा विचारायला लावी. नियमाने पाहिलं तर तक्रार बरोबरच होती. तो पुटपुटण्याचा भाग कुठल्या नियमात होता, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्याचे स्वतःचे डोळे गेले. एकदम नाही. आधी अक्षरांच्या मध्ये डाग दिसू लागला, मग माणसांच्या तोंडावर. कडेकडेचं दिसे, ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलेलं. दूरच्या शहरात, ओळखीचं कोणी भेटणार नाही अशा दवाखान्यात त्याने डोळे दाखवले. डॉक्टर म्हणाले, आतला पडदाच झिजलाय, चष्म्याने भागणार नाही, गेलं ते परत येणार नाही. तो गोदामातला माणूस त्याच्या नजरेसमोर आला. नजरेसमोर येणाऱ्यांत आता तेवढाच स्पष्ट दिसत होता.

मग त्याने लपवाछपवी सुरू केली. वार्षिक तपासणीला तो रांगेत मुद्दाम मागे उभा राहिला आणि पुढच्यांनी वाचलेला तक्ता पाठ करून घडाघडा म्हणून दाखवला. परमिटचा कागद तर त्याला झोपेतही भरता आला असता. पात्यांचं काय? पात्या तो कानाने मोजू लागला. पाती जबड्यातून सुटताना खट्‌ आवाज होतो. तीन पात्या, तीन आवाज. त्यानंतर मान वर करून नेहमी उभा राहायचा तितका वेळ तो उभा राही, आणि मोठ्याने म्हणे, "तिन्ही उघड्या." दीड वर्ष हे बिनबोभाट चाललं. आपण फसवतोय हेही तो विसरला.

आता जावयाबद्दल. जावई त्याच यार्डात फिटर होता, वर चढून काम करणारा. पोरगी त्याला दिली ती त्याचा काळजीपूर्वक स्वभाव पाहूनच. पट्टा दोनदा ओढून बघणारा, शिडीची पायरी हाताने दाबून बघणारा. घरी सासरा त्याला 'तुम्ही' म्हणे, यार्डात 'तू', आणि दोघांनाही त्यात वावगं वाटत नसे. कामाचा रिवाज असा, की परमिट हातात आलं तरी चढणाऱ्याने आधी लांब काठीच्या टेस्टरने तारेत वीज आहे का ते तपासायचं, मग चुकून आलेली वीज जमिनीत उतरवणारी अर्थिंगची साखळी अडकवायची, आणि मगच हात लावायचा. इतर ऑपरेटरांच्या परमिटवर सगळे हे करत. कुलपाच्या परमिटवर कोणी करत नसे. "कुलपाची सही आहे, चढा," एवढंच. काठी कुंपणाला टेकून उभी राही. साध्या हेल्मेटच्या पट्ट्यावरून माणसाला घरी पाठवणारा हा गृहस्थ ते पाही आणि तोंड फिरवी. छाती मात्र वीतभर फुगे.

एकटा जावई तपासायचा. लग्न नवीन होतं तेव्हा सासऱ्याच्याही परमिटवर त्याने टेस्टर वर केला. कुलपाने सगळ्या टोळीसमोर कमरेवर हात ठेवून विचारलं, "का हो जावईबापू, पोरगी घेताना विश्वास होता, आणि आता सहीवर नाही?"

सगळे खो खो हसले. जावई कानापर्यंत लाल झाला आणि त्याने काठी खाली ठेवली. त्यानंतर सासऱ्याच्या पाळीत त्याने ती कधी उचलली नाही.

त्या दिवशी काम साधं होतं. ब्रेकरवरचे चिनीमातीचे इन्सुलेटर पुसायचे आणि वरच्या टोकाचे क्लॅम्प आवळायचे. रणरणतं ऊन होतं. कुलपाने ब्रेकर उघडला, आयसोलेटरचं हँडल फिरवलं. खट्‌, खट्‌, आणि जरा दबका तिसरा. तिसरा आवाज पातीचा नव्हता. सैल झालेला दांडा बसणीवर आपटला होता, आणि पाती जबड्यात होती तशीच होती. हा इतका ठळक घोटाळा, की गोदामातल्या त्या ऐकू न येणाऱ्यालाही दिसला असता. कुलपाने मान वर केली. राखी डाग दिसला. नेहमीइतका वेळ तो उभा राहिला.

"तिन्ही उघड्या," तो म्हणाला. कुलूप लावलं, सही केली. "चढ."

जावई चढला, त्याने क्लॅम्पला दोन्ही हात लावले, आणि वर बॉम्बसारखा आवाज झाला. तो आवाज ऐकलेला माणूस दिवाळं निघाल्यासारखा उभा राहतो. त्यापाठोपाठ मुख्य ब्रेकर आपोआप उघडला, आणि यार्डाची ती अखंड घुमघुम बंद झाली. जावई पट्ट्यावर लोंबकळत होता. शिडी धरणारा मदतनीस बोंब मारत ऑफिसकडे पळाला.

कुलपाला त्या शांततेवरून सगळं कळलं. यार्ड मेलेलं आहे, शिवायला हरकत नाही, हेही कळलं. तरी तो आधी जावयाकडे गेला नाही. तो हँडलकडे गेला. कुलूप काढलं, हँडल अर्धं मागे घेतलं आणि अंगाचा सगळा भार टाकून असं हिसडलं, की वर खट्‌ असा खणखणीत आवाज झाला. तिसरी पाती आता सुटली. त्याने पुन्हा कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, पाटी सरळ केली आणि मग जावयाकडे धावला. दीड मिनिट गेलं असेल.

चौकशीला तीन माणसं आली. त्यांना जेवायच्या आत परतायचं होतं. तिन्ही पात्या उघड्या, कुलूप लावलेलं, सही जागच्या जागी. टेस्टरची काठी कुंपणाला टेकलेली, अर्थिंगची साखळी गुंडाळलेली. शेजारून जाणाऱ्या चालू लाइनमुळे बंद भागात विजेचा दाब चढला असावा, अर्थिंग केलं असतं तर अपघात टळला असता, सबब कामगाराचा निष्काळजीपणा, असं त्यांनी लिहिलं. खाली एक ओळ कौतुकाची होती. ऑपरेटरने प्रसंगावधान राखून, स्वतःचा नातलग समोर असतानाही, आधी हँडल आणि कुलूप पुन्हा तपासून तो भाग सुरक्षित असल्याची खात्री केली. पुढे त्याच्या निवृत्तीला निरोपाच्या सभेत साहेबांनी ती ओळ वाचून दाखवली, आणि टाळ्या वाजल्या.

जावयाचा उजवा हात कोपराच्या वर काढावा लागला, डावा खांद्यापासून. शुद्धीवर आल्यावर सासरा भेटायला गेला, तर तोच आधी बोलला.

"मामा, तुमच्या नावाला बट्टा लावला मी. टेस्टर लावायला हवा होता."

"असू द्या," सासरा म्हणाला. "होतं असं." एवढं बोलून तो खाली कँटीनमध्ये गेला आणि त्याने चहात बुडवून दोन बिस्किटं खाल्ली.

जावयाला घरी आणल्यावर मुलीने त्याच्यावर तोंड सोडलं. वाईट नव्हती ती. सकाळी कारखान्यात पॅकिंगचं काम, संध्याकाळी नवऱ्याला अंघोळ घालणं, आणि मध्ये रडायलाही फुरसत नाही. मग राग निघायचा. "माझ्या बापाने डोळ्यांनी बघून दिलं होतं. तुम्हाला एक काठी वर करता आली नाही? एक काठी?" नवरा म्हणायचा, "चुकलंच माझं." हे रोज. सासऱ्याच्या परमिटवर काठी का खाली ठेवली होती, हे त्याने तिला कधी सांगितलं नाही. बापाची टिंगल तिच्या कानावर कशाला घालायची, असा त्याचा विचार.

बाप निवृत्त झाला होता, रिकामाच होता. लेकीला हातभार म्हणून दोन्ही वेळा येऊन तो जावयाला जेवण भरवू लागला. कडेकडेने पाहून तो चमचा बरोबर नेई. कधी हनुवटीला लागे, कधी गालाला. म्हाताऱ्या माणसाचा हात, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही.

जावयाने घेतलं. ज्याला हात नसतात त्याला बघत बसण्याखेरीज काम नसतं. एका दुपारी चमचा समोर आला आणि त्याने आवाज न करता मान बाजूला केली. चमचा सरळ पुढे गेला, मघाशी तोंड होतं त्या जागी थांबला आणि वाट पाहू लागला. जावयाने तोंड उघडलं नाही. चमचा तसाच हवेत. मग त्याने मान दुसरीकडे केली. तेच. तिसऱ्यांदा घास त्याच्या सदऱ्यावर सांडला.

"मामा," जावई म्हणाला, "कधीपासून दिसत नाही?"

सासऱ्याने चमचा ताटात ठेवला. "दीड वर्ष... नाही. आता जास्त झालं."

"म्हणजे त्या दिवशी?"

"तीन आवाज ऐकले मी. देवाशपथ तीन ऐकले."

"पात्या चौकशीवाल्यांना उघड्या सापडल्या."

सासऱ्याने सांडलेला घास चाचपून गोळा करायला घेतला. सगळं समजायला जावयाला फार वेळ लागला नाही. फिटर होता तो.

"आधी हँडलकडे गेलात," तो म्हणाला. "मी लटकत होतो, आणि तुम्ही आधी हँडलकडे गेलात."

म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तो रडला, नाकातून पाणी येईस्तोवर रडला. "सांगतो मी तिला. आज ती आली की सांगतो."

"मुळीच नाही. सांगितलंत की ती तुम्हाला घराबाहेर काढेल. तुम्ही घरी जाऊन पडाल, चार दिवस रडाल आणि मोकळे व्हाल. मला कुठे मोकळं होता येतंय?" जावयाचा आवाज अगदी साधा होता. "तुम्ही यायचं. दोन्ही वेळा. पहिल्या घासाआधी मी विचारणार, तिसरी पाती पाहिली होती का. तुम्ही उत्तर द्यायचं. मग मी तोंड उघडणार."

याला दोन वर्षं झाली. सासऱ्याचा एक दिवस चुकलेला नाही. ताप असला तरी भिंत धरत येतो. शेजारणी लेकीला म्हणतात, असा बाप मिळायला भाग्य लागतं, आणि ती पदराने डोळे पुसते. कधी जावई मान फिरवून बसतो आणि म्हणतो, "ऐकू नाही आलं, मामा." मग म्हाताऱ्याला पुन्हा सांगावं लागतं, जावयाला पुरेल इतक्या मोठ्याने आणि स्वयंपाकघरात जाणार नाही इतक्या हळू.

परवा संध्याकाळी तो अंदाज चुकला. आत नळ बंद झाला होता, ते त्याच्या लक्षात आलं नाही. "नव्हती पाहिली," तो म्हणाला, आणि आतून लेकीचा आवाज आला, "काय म्हणालात, बाबा?"

म्हाताऱ्याचा चमचा वाटेतच थांबला. जावई त्याच्याकडे पाहत होता.

"काही नाही," जावई म्हणाला. "पाणी मागतायत."

ती पेला घेऊन बाहेर आली. भरलेला चमचा बापाच्या हातात अजून हवेत होता आणि नवऱ्याचं तोंड मिटलेलं होतं. तिने पेला बापाच्या हाताशी ठेवला आणि नवऱ्यावर करवादली, "नीट खा ना हो. त्यांना अजून किती छळाल?"

जावयाने तोंड उघडलं.