भिंतीवरचा बुद्ध पुसून आमचं घर विकायला काढलं

मित्रहो, दुपारपासून डोकं भणभणून राह्यलं आहे.

सिंदीतलं आमचं घर विकायचं आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. दलालाची कटकट नको म्हणून एका ऑनलाइन कंपनीची ठरलेली फी भरली. फोटो आपणच काढून पाठवायचे, जाहिरात ते टाकणार.

आज जाहिरात आली. आईला मोबाइलवर दाखवली, तर ती म्हणाली, "हे कोनाचं घर हाय रे?"

आमच्या बैठकीत बाबांनी लावलेली बुद्धाची मोठी तसबीर आहे. जाहिरातीत त्याच जागी सूर्यफुलांचं चित्र! फोटोतली तसबीर पुसून चिकटवलेलं.

लगेच फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, असं काही दिसलं की बरेच लोक घर बघायलाच येत नाहीत. तुमच्या फायद्यासाठीच केलंय."

असं काही! शिसारी आली.

आई बाजूलाच बसली होती. म्हणाली, "तिले विचार, घर पाहाले येईन त्याले दारावरची आडनावाची पाटी दिसनच. तेबी पुसता काय? अन् मले कुठी लपवता?"

तसंच विचारलं आणि फोन ठेवला.

आत्ताच नवा फोटो पाठवला. वर तसबीर, खाली खुर्चीत आई. हाच पहिला लावा, नाहीतर जाहिरातच काढून टाका, म्हटलं.

राग त्या मुलीवर काढून मोकळा झालो असतो. पण ती खोटं बोलत नव्हती, त्याचीच जास्त किळस येते.

तुम्हीपण घरं बघायला जाता ना? दारात उभं राहून आधी काय वाचता, खरं सांगा.