दहाव्या फोटोचं भांडण

गिटार, कीबोर्ड, अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे मिस्त्रीच म्हणत. हात गुणी, पण जिभेला हाड नाही. दुकानात आतल्या भिंतीवर त्याने रॉक संगीतातल्या थोर मंडळींचे फोटो लावले होते. पण तिथे वशिला चालायचा नाही! वाद्य घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारायचा, "हे वेड कुणामुळे लागलं?" उत्तर वहीत जायचं. तीन जणांनी आपणहून एकच नाव घेतलं, की तो वादक भिंतीवर. लोक फिरून फिरून त्याच त्या नावांवर यायचे, म्हणून अकरा वर्षांत नऊच फोटो झाले होते.

ठोक्या म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, त्यांच्या जुन्या बँडचा ड्रमर. एकदा चहा पिता पिता तो म्हणाला, "दहावा फोटो माझा लाव की."

"तुझ्यामुळे कोण वादक झालं रे?" मिस्त्री गिऱ्हाइकांदेखत म्हणाला. "शेजारी मात्र घर सोडून पळाले!"

सगळे हसले. ठोक्याने कप खाली ठेवला आणि तो निघून गेला. त्याला आता दहा महिने झाले. आणि परवा कळलं की तो शनिवारी कायमचा लेकीकडे चाललाय, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला.

"जाऊन या हो," बायको म्हणाली. "जीभ झिजणार आहे का?"

"मी खोटं काय बोललो?" मिस्त्री गुरकावला. पण अर्धं ताट तसंच सोडून उठला.

शुक्रवारी संगीत शिकवणाऱ्या एक बाई कीबोर्ड घेऊन आल्या. मिस्त्रीने सवयीने विचारलं.

"आमच्या वरच्या मजल्यावर ड्रमवाले काका होते," त्या म्हणाल्या. "दिवसभर धाडधाड! आई भांडून थकली. मग मी इरेला पेटले, म्हटलं यांचा आवाज बुडवायचाच. म्हणून पियानो शिकले. वर्षभराने ध्यानात आलं, अहो, मी त्यांच्याच तालावर वाजवतेय!"

मिस्त्रीने इमारत विचारली. ठोक्याचीच होती. कीबोर्ड तसाच उघडा टाकून त्याने भर दुपारी शटर ओढलं.

ठोक्या खोकी बांधत होता. त्याने मान वर केली नाही. मिस्त्रीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. 'आवाज बुडवायला' हे ऐकून ठोक्याच्या मिश्या हलल्या, पण हसू त्याने गिळलं.

"मग? लावलास फोटो?"

"नाही. एकच मत झालं."

"धन्य आहेस बाबा!"

"दोन झाली," मिस्त्री खोक्यावर बसत म्हणाला. "दुसरं माझं. मी जगाला सांगत आलो, परदेशी रेकॉर्ड ऐकून गिटार घेतली. साफ थाप. तू डबे बडवायचास आणि तुझ्या सोबतीला कुणी नव्हतं, म्हणून घेतली. वहीत मी कधी लिहिलं नाही. लाज वाटली." त्याने खोक्यावरची धूळ पुसली. "तू येत नाहीस तर दुकान खायला उठतं रे."

ठोक्या बराच वेळ सुतळीची गाठ मारत राहिला. गाठ काही बसेना.

"तिसरं मत मिळेल एखादं, मी बघतो," मिस्त्री म्हणाला.

"नको शोधूस," ठोक्या म्हणाला. "मला कुठे सगळ्यांचं हवं होतं? हे दुसरं तेवढं तू त्या दिवशी सगळ्यांसमोर द्यायला हवं होतंस."

मिस्त्रीने सुतळीवर बोट धरलं, आणि ठोक्याने त्याच्या बोटावरून गाठ आवळली.