बर्फातली बाटली

नाटे बंदरावर मासे विकणाऱ्या मथुराच्या नातीला मासे सोसत नाहीत. घासभर तोंडात गेलं की चार वर्षांच्या वेदिकाचे ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात. परवा तर श्वासच अडकला. रत्नागिरीला न्यावं लागलं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "पहिल्या वर्षात अँटिबायोटिक किती वेळा दिलंत?"

"एकदाच," सून सानिका म्हणाली.

मथुरा पदराचं टोक पिळत बसली.

मुलगा नितेश आणि सानिका, दोघंही दूर लोट्याला कंपनीत, शिफ्ट ड्यूटी. म्हणून पोर चार महिन्यांची असल्यापासून मथुराकडे. एकदा कफ झाला तेव्हा दवाखान्यातून अँटिबायोटिकचं पातळ औषध मिळालं. थंड ठेवा, म्हणाले. फ्रीज नव्हता. मथुराने बाटली माशांच्या पेटीत, बर्फात पुरली. मग पोर शिंकली की चमचा, कुरकुरली की चमचा. बाटली संपली की मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय दुसरी द्यायचा. केळ्याच्या वासाचं औषध, पोर मिटक्या मारायची.

"बाळाच्या आतड्यात चांगले जंतू वस्तीला येतात," डॉक्टरबाई सांगत होत्या. "काय सोसायचं, कशाशी भांडायचं, हे शरीर त्यांच्याकडून शिकतं. औषधाने ते सारखे मरत राहिले तर शिकणं अर्धवट राहू शकतं. हिचं तसंच झालं, असं नक्की नाही सांगता येणार."

खरं सांगितलं तर पोर आपल्याकडे ठेवणार नाहीत, एवढंच मथुराला कळलं.

बाहेर येताच नितेश बायकोवर घसरला. "चार महिन्यांत दूध तोडलंस, भोग आता!"

"आमच्या पोरांना नाय गो असलं काय झालं," मथुरानेही री ओढली.

आठ दिवसांनी सानिका नोकरी सोडून वेदिकाचे कपडे भरायला आली. माशांच्या घरात पोर ठेवायची नाही, असं नितेशने ठरवलं होतं.

मथुरा दारातच बसली. "सानिका, ती बाटली गो... मी वर्षभर देत होते."

"माहीत आहे, आई." सानिका फ्रॉकच्या घड्या घालत राहिली. "मी सुट्टीला यायचे तेव्हा तिच्या तोंडाला केळ्याचा वास यायचा."

"मग बोलली कशी नाहीस?"

"बोलून पोर कुठे ठेवली असती?"

"आणि नितेशला का नाय सांगितलंस?"

"तुम्ही सांगितलंत?"

वेदिका अंगणातून धावत आली, "आजी, उचल!" मथुराने हात पुढे केले.

"हात," सानिका म्हणाली.

मनगटाला माशाचं खवलं चिकटलं होतं. मथुराने हात मागे घेतले.