सारवलेल्या अंगणातले पंजे

मंडळी, सकाळपासून डोकं तापलं आहे, म्हणून लिहिते.

चौसाळ्याजवळच्या डोंगरावर ओळखीच्या एकाने लॉज बांधला आहे. जाहिरातीसाठी थंडीतल्या धुक्याचे फोटो हवेत म्हणाला, म्हणून आज पहाटे गेले. जवळपास वस्ती नाही. राखणीला एकटी गंगूबाई. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले. खोल्यांना कुलूप, किल्ल्या मालकाकडे. ही सत्तरीची बाई उघड्या ओसरीवर झोपते.

फोटोसाठी तिने काल संध्याकाळी अंगण आणि ओसरी सारवली होती. कॅमेऱ्यातून पाहिलं, तर सारवणात पंजे. सरळ तिच्या वाकळेपर्यंत आलेले आणि तिथून परत गेलेले.

"कुत्रं आसंल बाई," ती म्हणाली.

"कुत्र्याची नखं उमटतात. इथे कुठे आहेत?"

ती हळूच म्हणाली, "परवापस्नं शेळ्या लई वरडायल्यात." माझ्याबरोबर चल म्हटलं, तर म्हणते, "अन् शेळ्या कुणापाशी सोडू?"

मालकाला फोटो पाठवून फोन केला. "मॅडम, बोभाटा करू नका. तिला परत सारवायला लावा अन् दुसरा फोटो काढा."

कॉन्व्हेंटात शिकलेली सगळी सभ्यता मी त्या एका फोनवर संपवली.

दुसरा फोटो काढला नाही. पहिलाच या पोस्टखाली टाकला आहे. बिबट्या असावा म्हणून वनखात्याला कळवलंय, त्यांचा माणूस उद्या येणार म्हणे. दिवस मात्र आज सहालाच मावळणार आहे. गंगूबाईसाठी एका खोलीची किल्ली मागायला मी आत्ता मालकाच्या दारी निघाले आहे. सोबत कोण येतंय?