उशीच्या उंचीवरून

आमच्या मुलुंडच्या कॉलनीच्या आवारात, पाण्याच्या टाकीशेजारी, एक फिकट पिवळी मेटाडोर उभी असायची आणि तिच्या खालून विनूकाकांचे दोन पाय बाहेर आलेले दिसायचे. गाडी पूर्वी एका बेकरीची होती. काकांनी ती घासली, रंगवली, आतून लाकडी पट्ट्या मारल्या, तरी मागचं दार उघडलं की पावाचा, खारीचा आणि किंचित जळक्या साखरेचा वास अंगावर यायचा... आम्ही मुलं नुसत्या त्या वासासाठी तिथे घुटमळत असू.

विनूकाका आमचे शेजारी, कारखान्यात फिटर. त्यांची बायको, सुधाकाकू, कण्याच्या दुखण्यानं वर्षानुवर्षं पाठीवर पडून होती. तिला बसता येत नसे. एका उशीहून अधिक उंच डोकं झालं की कळ यायची. पण त्या खोलीत आजारपणाची कळा कधी जाणवली नाही. कॉलनीतली प्रत्येक बातमी आधी तिच्या पलंगाशी पोचायची, आणि तिच्या जिभेला धार अशी, की माझी आई म्हणायची, "सुधा पडून आहे म्हणून बरं. उभी असती तर एव्हाना आपल्या सगळ्यांना विकून मोकळी झाली असती!" यावर सगळ्यांत मोठ्यानं हसायची ती काकूच.

तिचं माहेर मुरबाडकडचं, भातशेतीचं. लग्न होऊन मुंबईला येईपर्यंत दर आषाढात ती आईबरोबर चिखलात वाकून लावणी करायची. तिनं कधी काही मागितलं नाही, पण एकदा, पागोळ्यांचा आवाज ऐकता ऐकता, सहज म्हणून गेली — "एकदा लावणी बघायला मिळाली असती ना, झकास झालं असतं." काकांनी ते ऐकलं, आणि पुढच्याच महिन्यात ती बेकरीची गाडी आवारात येऊन उभी राहिली.

त्या गाडीत काकांनी काय केलं नाही! भंगारातल्या स्प्रिंगा लावून धक्के न बसणारी खाट केली, स्टोव्ह सांडू नये म्हणून त्याला लोखंडी कडं केलं, काकूच्या जुन्या साड्यांचे पडदे शिवून घेतले. पावाच्या गाडीला खिडक्या कुठल्या असायला? त्याही त्यांनी स्वतः पत्रा कापून बसवल्या, दोन्ही बाजूंना, चांगल्या ऐसपैस. इतक्या प्रेमानं केलेली वस्तू मी त्यानंतर फार थोड्या वेळा पाहिली आहे.

आषाढातल्या एका रविवारी आम्ही निघालो. चौघा शेजाऱ्यांनी काकूला चादरीच्या झोळीतून जिन्यावरून उतरवलं, "हळू रे, मी काय गणपती आहे का!" असं ती वरून ओरडत होती. काका गाडी चालवत होते, आई आणि मी मागे काकूपाशी. ठाणं गेलं, कल्याण मागे पडलं, आणि पुढे पावसाच्या धूसर पडद्याआडून डोंगर, ओहोळ, पोपटी खाचरं, त्यांच्या बांधांवर निश्चल उभे बगळे असं सगळं उलगडत गेलं. टपावर पाऊस वाजत होता, स्टोव्हवर आल्याच्या चहाला उकळी फुटत होती, ओल्या मातीचा वास पावाच्या वासात मिसळत होता... काका पुढून पुन्हा पुन्हा विचारायचे, "सुधा, दिसतंय ना?" आणि काकू म्हणायची, "दिसतंय हो! काय हिरवं झालंय!"

मला गुंगी आली, म्हणून मी काकूच्या कुशीत आडवी झाले. सहज खिडकीकडे पाहिलं, तर खिडकीत डोंगर नव्हता, खाचर नव्हतं, बगळे नव्हते. राखाडी आभाळाची एक पट्टी होती आणि मधूनच सरकत जाणाऱ्या विजेच्या तारा. काकांनी खिडक्या कापल्या होत्या त्या बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. मी चमकून काकूकडे पाहिलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि पुढे हाक दिली, "अहो, वळणावर जरा हळू घ्या, मजा येतेय बघायला!"

थोड्या वेळानं गाडी थांबली. रस्त्याच्या खालच्या अंगाला, इरली पांघरलेल्या बायका ओळीनं लावणी करत होत्या. काका पावसातच उतरून खिडकीशी आले, चेहरा नुसता फुललेला. "बघ सुधा, लावणी!"

"डोळे निवले हो," काकू म्हणाली. मी तिच्या शेजारीच होते; तिला दिसत होता एक ढग आणि तारेवर भिजत बसलेला एक कावळा. मला राहवलं नाही. मी उठले आणि म्हटलं, "काका, तुम्ही इथे झोपून बघा ना."

काका आत आले, माझ्या जागी आडवे झाले. त्यांनी मान वळवून खिडकीकडे पाहिलं.

"सकाळपासून?" त्यांनी विचारलं.

"अहो, आभाळही छान होतं की," काकू म्हणाली.

काका उठले, खाली उतरले, पावसात उभं राहून रस्ता, शेत, गाडी असं पाहत राहिले. शेताकडे उतरणारी एक गाडीवाट होती. त्यांनी गाडी वळवली आणि त्या उतारावर उलटी नेली — नाक वर रस्त्याकडे, मागचं दार खाली शेताकडे. आईनं आणि मी चाकांना दगड लावले. काकूचं डोकं पुढच्या बाजूला होतं. खाट आपोआप कलली, आणि ती घसरू नये म्हणून आईनं खाली बसून तिच्या तळपायांना खांदा दिला. मग काकांनी दोन्ही दारं सताड उघडली.

अख्खं खाचर काकूसमोर होतं. तिच्या घशातून एक आवाज आला... तो हसण्याचा की रडण्याचा, मला तेव्हाही कळलं नाही. पाऊस थेट आत येत होता, तिची चादर भिजत होती, म्हणून काका धावत छत्री घेऊन दारात उभे राहिले.

"अहो, छत्री काढा," काकू म्हणाली, "मला दिसत नाहीये!"

बायका काम थांबवून बघायला लागल्या होत्या. त्यांतली एक वयस्क बाई जवळ आली. "काय झालंय गं बाईला?" तिनं आईला विचारलं.

"बाईला काही नाही झालं," काकूच कडाडली, "तुमची ती कोपऱ्यातली पोरगी रोपं किती दाट लावत्येय, ते बघा आधी! फुटवे कुठून येणार?" शेतभर हशा पिकला. त्या बाईनं चिखलानं निथळणारी रोपांची एक मूठ आणून काकूच्या हातात दिली, आणि काकूची बोटं लगेच कामाला लागली. अंगठ्यानं दोन-तीन रोपं अलगद सुटी करायची, पुन्हा दोन-तीन... केसांपासून पायांपर्यंत भिजलेली, हनुवटीला चिखल लागलेली सुधाकाकू त्या दिवशी मला फार सुंदर दिसली. मला तिचा अभिमान वाटला, आजही वाटतो.

परतल्यावर लगेचच्या रविवारी काका खाटेवर आडवे झाले आणि उशीच्या उंचीवर, पत्र्यावर खडूनं नव्या खिडकीची चौकट आखली. दिवाळीत पिकलेलं भात बघायला जायचं ठरलं होतं. भाद्रपदात काकू गेली.

ती गाडी पुढे कुणाला दिली, मला माहीत नाही. त्या वाटेवर आता खाचरंही फारशी उरलेली नाहीत. माझ्यापाशी राहिली आहे ती नवरात्राच्या आधीची एक दुपार. आवारातून कानशीचा आवाज येत होता म्हणून मी खाली गेले, तर काकांनी ती खालची खिडकी कापून, काच बसवून, कडेनं रबराची पट्टीही लावली होती.

"नीते, जरा आत झोप बघू," ते म्हणाले.

मी काकूच्या जागी पाठीवर पडले आणि मान वळवली. बाहेर ओलं गवत होतं, भिंतीचा तळ होता आणि काकांचे दोन गुडघे होते.

"दिसतं का गं?" त्यांनी बाहेरून विचारलं.

"दिसतं, काका. सगळं दिसतं."

मग ते हळूच गवतात खाली बसले, आणि त्या खिडकीत त्यांचा सगळा चेहरा आला.