मावसांची गळकी फटफटी

आमच्या मावसांनी उभ्या हयातीत एकही गोष्ट हुंगल्याशिवाय तोंडात घातली नाही. मावसा म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. साठ सालानंतर मी औंधच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि दोन वर्षं मावशीकडे राहिलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझा नेमणुकीचा कागद मागून घेतला, उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि परत देताना एवढंच म्हणाले, "शिक्का जरा वला वाटतोय." चहा आला की कपाला नाक लावायचे, मग एक घोट मला घ्यायला लावायचे आणि मी जिवंत आहे असं दिसल्यावर उरलेला प्यायचे. दुधात पाणी असतं एवढा साधा संशय त्यांना नव्हताच. दुधात पाणी घातलं की पाण्यात दूध, हा त्यांचा गवळ्याशी रोजचा वाद असे. यमाईच्या डोंगरावर नारळ फोडला की पुजाऱ्याने परत दिलेलं भकल आपल्याच नारळाचं आहे ना, हे ते दोन्ही कडा जुळवून पाहायचे. देवीवर त्यांचा विश्वास होता, पण मधल्या माणसाचं काही सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी लष्करी सामानाच्या लिलावात एक जुनी फटफटी घेतली होती. तिच्यावर त्यांचा फार जीव. सोप्यात ती उभी असे, पण नुसती उभी नसे. दोन्ही चाकांभोवती खडूची रेघ ओढलेली असायची, म्हणजे कुणी तसूभर हलवली तरी कळावं. बैठकीवर आडवा दोरा ताणलेला असायचा. एकदा मांजर त्या दोऱ्यातून गेलं, तर दुपारभर मावसांनी मला प्रश्न विचारून हैराण केलं. मांजराला विचारण्यात अर्थ नव्हता आणि मी आयता घरात होतो.

अशा माणसाचा जगात एकाच माणसावर विश्वास होता. तो म्हणजे सांगलीचे मिस्त्री. दोघे एकाच पलटणीत होते, एका ताटलीत जेवले होते. हळदपेठेच्या मागे मिस्त्रींचं फटफट्या दुरुस्त करण्याचं दुकान होतं. तिथली हवाच अशी, की पाने आणि नटबोल्टसुद्धा पिवळे दिसायचे. पलटणीत असताना मिस्त्रींना मुलगी झाल्याची तार आली. त्यांच्या बायकोला भाऊ नव्हता. तेव्हा मावसांनी आपणहून शब्द दिला होता, की या पोरीच्या लग्नात बोहल्यावर तिच्या पाठीशी मामा म्हणून मी उभा राहीन. हा शब्द मावशी मला दर पंधरा दिवसांनी सांगायची. नवऱ्याने कुणाला तरी काही तरी दिलं होतं, याचा तिला अभिमान होता.

त्या वर्षी फटफटीच्या इंजिनातून तेल पाझरायला लागलं. मावसा ती घेऊन सांगलीला गेले. आतलं तेल अडवणारं ऑइल सील झिजलं होतं. मिस्त्रींनी नवीन बसवलं, ताजं तेल भरलं, आणि मावसा समोर स्टुलावर बसून चार तास डोळ्यांत तेल घालून बघत राहिले. परत आल्यावर त्यांनी इंजिनाचा काही तरी बंदोबस्त केला. काय केला ते मावशीलाही सांगितलं नाही. बंदोबस्त सांगितला की बोभाटा होतो, आणि बोभाटा झाला की चोर शहाणा होतो. त्याच आठवड्यात मावशीच्या एरंडेलाच्या बाटलीचं बूच हरवलं. तिने दोन दिवस शोधलं आणि शेवटी चिंधी कोंबून बाटली बंद केली.

आठ दिवसांत फटफटी पुन्हा गळू लागली, आणि पहिल्यापेक्षा जास्त. आधी संशय पेट्रोलपंपावर गेला, मग शेजाऱ्यावर, मग दोन दिवस माझ्यावर. शेवटी तो जिथे जाऊ नये तिथे गेला. मिस्त्रींनी जुनंच सील पुसून बसवलं, असं मावसांच्या मनाने घेतलं. इंजिनाखाली जर्मनची ताटली ठेवून ते रोज सकाळी गळलेलं तेल एका बाटलीत जमवू लागले. त्याला ते पुरावा म्हणत. मग त्यांनी मिस्त्रींना पोस्टकार्ड टाकलं, तेही उघडं, वाटेत कुणीही वाचावं असं. आठवड्याने उत्तर आलं, "गाडी घेऊन ये. बघतो." मावसा म्हणाले, बघतो म्हणजे पुरावा गायब करतो. गेले नाहीत. मात्र त्या दिवसापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. सगळ्या जगावर संशय घेऊन हा माणूस मजेत होता, पण या एका संशयाने तो खंगायला लागला. मला पहिल्यांदाच त्यांची दया आली.

दोन महिन्यांनी हळदकुंकू लावलेली लग्नपत्रिका आली. मुलीच्या मामाच्या जागी मावसांचं नाव छापलं होतं. मावसांनी पत्रिकाही हुंगली. म्हणाले, गोड बोलून मिटवायचा बेत दिसतोय. मावशी कधी उलटून बोलायची नाही, पण त्या दिवशी बोलली.

"आवं, शब्द तुमी पोरीला दिलाय. सीलाला न्हाई दिला. मी निघाले यष्टीनं. तुमी या न्हाईतर बसा ताटली राखत."

ती खरोखरच आदल्या दिवशी गेली. लग्नाच्या दिवशी पहाटेच मावसांनी फटफटीला लाथ मारली. मागे मी, आणि माझ्या मांडीवर पुराव्याची बाटली. विटा, तासगाव करत आम्ही निघालो. मैलाच्या दगडांवर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून दर फाट्यावर थांबून माणसांना विचारायचे. थांबलो की इंजिनाखाली काळा डाग पडायचा आणि मावसा माझ्याकडे बघून मान हलवायचे.

मांडवात पोचलो तेव्हा मुहूर्ताला अर्धा तास उरला होता. मावसांनी कुणाला रामराम केला नाही. फटफटी मांडवाच्या दारात उभी केली आणि बाटली मिस्त्रींपुढे धरली. "आदी ह्ये बघ. मग मामा."

मिस्त्रींनी नवीन फेटा बांधला होता, कोरं धोतर नेसलं होतं. ते तसेच गुडघ्यावर बसले आणि इंजिनाखालून हात फिरवत वर नेला. इंजिनाला आतली कोंडलेली हवा सोडायला एक बारीक नळी असते. तिच्या तोंडाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी जोर लावून काही तरी उपसलं. ते बूच होतं. पाहुण्यांमधून मावशी पुढे आली आणि हळूच म्हणाली, "माझ्या एरंडेलाचं."

मावसा पुटपुटले, "उघडी नळी दिसली. कोनबी तेल वडून न्हील म्हनून बसवलं."

"गड्या, तिचं नाक तूच दाबलंस. मग तेल मिळंल त्या फटीतनं भाईर येणारच की. त्यात सीलाचा काय दोष आन् माजा काय दोष?" मिस्त्री हे रागावून बोलले नाहीत, आणि तेच मावसांना जास्त लागलं असावं. मिस्त्रींचे दोन्ही हात काळे झाले होते. मावसांनी डोक्यावरचा फेटा सोडला, औंधहून खास बांधून आणलेला पांढराशुभ्र फेटा, आणि त्याच्या शेवाने मित्राचं एकेक बोट पुसायला घेतलं. "चुकलं माजं," असं ते म्हणाले. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मावशीनेही तोवर ऐकले नव्हते.

मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मावसा मुलीच्या पाठीशी उभे होते. डोक्यावर तोच फेटा होता, शेवावर काळ्या तेलाचे डाग घेऊन. नवऱ्यामुलाला मात्र ते अंतरपाट धरलेला असतानाही वरून निरखून बघत होते.

पुढे माणूस बदलला असं समजू नका. गवळ्याशी वाद चालू राहिला, खडूच्या रेघा राहिल्या. माझी बदली साताऱ्याला झाली, तरी मी भेटायला गेलो की चहाचा पहिला घोट मलाच घ्यावा लागे. फटफटी मात्र पुन्हा गळली नाही. कितीतरी वर्षांनी मावसा अंथरुणाला खिळले, तेव्हा डॉक्टरच्या औषधाला ते हातच लावीनात. मावशी रडकुंडीला आली. मग मिस्त्रींची लेक सासरहून येऊन राहिली. तिला मामाची खोड ठाऊक होती. पहिल्या दिवशी औषधाची वाटी तिने आधी त्यांच्या नाकाशी धरली आणि थांबली. मावसांनी तिचा हात अलगद खाली केला.

"तुज्या हातचं काय हुंगायचं, पोरी," ते म्हणाले, आणि डोळे मिटून सगळी वाटी प्याले.